घशात अडकलेला धूर

मित्रांनो, मी एक जुनी नळी आहे. तांब्याची, सात वेटोळ्यांची, आणि सध्या एका काचघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली. तुमच्यासारखी मुलं सहलीला आली की त्यांच्या बाई माझ्याकडे बोट दाखवून "ही जुन्या काळातली शोभेची वस्तू" असं सांगतात आणि पुढे सरकतात. मला त्याचा राग येत नाही. आपल्याकडे पाहून कुणाला शोभा आठवावी, हे भाग्य माझ्या वयाच्या किती नळ्यांना लाभतं? पण माझी वरची दोन वेटोळी करवतीने उभी चिरलेली आहेत. ती कोणी चिरली आणि का, हे विचारायला आजवर एकही मूल थांबलेलं नाही. तेव्हा न विचारताच सांगते. म्हाताऱ्यांची हीच पद्धत असते.

माझा जन्म एका तांबटाच्या दुकानात झाला. जन्मले तेव्हा मी सरळ होते. रिकामी नळी वाकवायला गेलं की ती मुडपते आणि चपटी होते. म्हणून तांबटाने आधी माझ्या पोटात बारीक कोरडी वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारली आणि मग मला तापवत तापवत एका खुंटाभोवती गुंडाळलं. वाळू ओतून काढली तेव्हा मी पहिला श्वास घेतला. वरच्या टोकाला एक कोपरा, काटकोनात वळलेला छोटा तुकडा, जोडायचा राहिला होता. तिथे तो डाख देत होता, म्हणजे वितळलेला धातू ओतून सांधा पक्का करत होता, तेवढ्यात शेजारच्या दुकानदाराने त्याला चहाला हाक मारली. तो डाख जरा घाईत झाला, पातळ बसला. तांबटाने त्यावरून अंगठा फिरवला, "चालतंय" म्हणाला आणि चहाला गेला. त्या चहामुळे पुढे एक बाई जिवंत राहणार आहे, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

माझं पहिलं काम गुलाबपाण्याचं. एका हंड्यात पाकळ्या उकळायच्या, त्यांची वाफ माझ्या घशातून खाली उतरायची आणि मी गार पाण्याच्या टाकीत बसलेली असल्यामुळे वाटेतच तिचं पाणी व्हायचं. हंड्याच्या मालकाला फुलांच्या वासाने शिंका येत. दिवसभर शिंकत शिंकत तो लोकांसाठी सुगंध काढायचा. पण संध्याकाळी, कितीही दमला तरी, तो माझ्यात आधणाचं पाणी ओतायचा आणि दोरीला चिंधी बांधून ती माझ्या एका तोंडातून दुसऱ्या तोंडापर्यंत ओढायचा. मला वाटायचं, हे प्रेम आहे. खरं तर आजच्या पाण्याला कालचा वास लागू नये एवढाच त्याचा हेतू होता. पण ज्याचा घसा रोज कुणीतरी साफ करून देतं, त्याने हेतूची चौकशी करू नये.

पुढे कुठलंही फूल न उकळता गुलाबाचा वास तयार करणारे कारखाने आले. मालकाच्या शिंका थांबल्या आणि धंदाही. मी भंगारात गेले. तिथे बिनहँडलची एक सायकल आणि पारडी हरवलेला एक तराजू यांच्यामध्ये मी बरीच वर्षं काढली. तराजू फार अबोल होता. सायकल मात्र आपण किती लांब लांब गेलो होतो ते रोज सांगायची.

एका थंड सकाळी तिथे भाऊजी आले.

भाऊजी रसायनशास्त्राचे पदवीधर. त्यांनी चांगल्या चांगल्या नोकऱ्या सोडल्या होत्या आणि सोडण्याचं कारण दर वेळी एकच होतं. त्यांच्या साहेबाला जे आधीच कळत होतं, ते भाऊजी त्याला पुन्हा समजावून सांगायला जायचे. भंगारवाल्यालाही त्यांनी माझा उपयोग समजावून सांगितला. तो थोडा वेळ ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "घेऊन जा साहेब, फक्त आता थांबा." अशी मी भाऊजींच्या खांद्यावर बसून त्यांच्या घरी आले.

घर म्हणजे एक रोपवाटिका होती. पुढे राहण्याच्या दोन खोल्या, मागे मोठं काचघर आणि काचघराला टेकून पत्र्याची शेड. घरात भाऊजींची आई आणि भाऊजींच्या वहिनी. वहिनींचे यजमान, म्हणजे भाऊजींचे दादा, आदल्याच वर्षी गेले होते. वहिनी सासूबाईंना आईच म्हणत, तेव्हा मीही आईच म्हणते.

आणि घरात आणखी एक जण होती. तिचं नाव थोरली.

थोरली म्हणजे संत्र्याचं झाड. काचघराच्या मधोमध, जमिनीतच रुजलेलं, छताला डोकं लागेल एवढं. आई सून म्हणून या घरात आल्या त्या वर्षी त्यांनी स्वतःच्या हाताने तिचा डोळा भरला होता. डोळा भरणं म्हणजे एका झाडाच्या काडीवरचा कोंब साल चिरून दुसऱ्या रोपात बसवणं. मग थोरलीचे डोळे काढून काढून हजारो रोपं झाली, आणि आसपासच्या बागांमध्ये जेवढी म्हणून गोड, पातळ सालीची संत्री पिकत, ती सगळी तिच्या लेकींची होती. नंतर रोग आला. पानं पिवळी पडली, मुळं कुजली, आणि बागाईतदारांना एकामागून एक बाग तोडावी लागली. काचेच्या आत होती म्हणून थोरली तेवढी वाचली. आता वसंत आला की तिचे डोळे काढायचे आणि सगळ्या बागा पुन्हा उभ्या करायच्या, असं ठरलं होतं. म्हणजे मित्रांनो, त्या हिवाळ्यात थोरली गेली असती तर एक झाड गेलं नसतं. ती जातच संपली असती. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलून दाखवत नसे.

काचघराला ऊब द्यायला एक बॉयलर होता. तो पाणी तापवायचा आणि ते पाणी लोखंडी नळांतून थोरलीच्या पायाशी फिरायचं. बॉयलर दादांनी बसवलेला, तेलावर चालणारा. तेल टँकरने यायचं, टँकर पुलावरून यायचा, आणि त्या हिवाळ्यात पूलच नदीत बसला. नाव घालावी तर नदीत बर्फाचे तुकडे वाहत होते. आकाश दिवसेंदिवस निरभ्र होत चाललं होतं. तुम्हाला निरभ्र आकाश आवडत असेल. काचघरवाल्यांना ते आवडत नाही, कारण ढग नसले की सगळी ऊब वर निघून जाते आणि पहाटे जमीन दगड होते.

लाकूड भरपूर होतं. तोडलेल्या बागांची खोडं आणि फांद्या बागाईतदारांनी गाड्या भरभरून आणून टाकल्या होत्या, कारण रोगट लाकूड जाळायचा हुकूम होता. वहिनींनी आधी सरळ ते लाकूडच जाळून पाहिलं. काचघरात शेगडी मांडली, तर तासाभरात धुराने थोरलीची पानं कोमेजली. बॉयलरच्या तोंडात ढलप्या घातल्या, तर तो ठसका लागल्यासारखा करून विझला. त्याला तेलच प्यायची सवय होती.

"मग तेल काढू," भाऊजी म्हणाले.

त्यांनी समजावून सांगितलं. लाकूड, भुसा, पालापाचोळा, काहीही असो, बंद पिंपात घालून हवा न लागू देता खालून तापवलं तर ते जळत नाही. त्याचा धूर होतो. तो धूर गार केला की त्याचं काळपट पातळ तेल होतं, आणि पिंपात कोळसा उरतो. वहिनींनी शेडबाहेरच्या खोडांच्या ढिगाकडे पाहिलं.

"म्हणजे लेकी जाळायच्या आणि आईला शेकायचं," त्या म्हणाल्या.

"जाळायच्या नाहीत वहिनी. भाजायच्या. शास्त्रात फरक आहे."

"लेकींना विचारा आहे का ते."

पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः कुऱ्हाड घेतली आणि ढलप्या पाडायला बसल्या.

पत्र्याच्या शेडमध्ये विटांच्या चुलीवर पिंप बसलं. पिंपाच्या गळ्यातून एक आखूड नळी निघाली, ती माझ्या कोपऱ्याला जोडली गेली, आणि मी गार पाण्याच्या टाकीत बसले. खाली माझ्या तोंडाशी डबा ठेवला. पिंपावर झाकण आणि झाकणावर फक्त एक वीट. भाऊजींनी या सगळ्यावर एक व्याख्यान दिलं. लाकडात काय काय असतं, ते कोणत्या क्रमाने सुटतं, तेल आंबट का असतं, जगात आणखी कुठे कुठे हे करतात. व्याख्यानाच्या साधारण मध्यावर त्यांनी असंही सांगितलं की झाकण मुद्दाम सैल ठेवलं आहे, पुढे वाट अडली तर धुराने वीट उचलून बाहेर पडावं म्हणून, तेव्हा त्याला हात लावू नका. आणि ते लगेच आंबटपणाकडे वळले. वहिनी त्या वेळी काचेतून थोरलीकडे बघत होत्या. आई शेडच्या पत्र्यातली एक फट बघत होत्या. ऐकलं ते फक्त मी आणि पिंपाने, आणि आम्हाला कोणी विचारत नाही.

धूर पहिल्यांदा माझ्या घशात शिरला तेव्हा मला गुलाबाची इतकी आठवण आली की काय सांगू. हा धूर कडू होता, आंबट होता, चिकट होता. पण गार पाण्याने त्याला वेटोळ्या-वेटोळ्यावर दमवलं, आणि सातव्या वेटोळ्याखाली माझ्या तोंडातून एक काळपट थेंब पडला. मग दुसरा. वहिनींनी डबा उचलून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. बॉयलरला आधी उरलेलं खरं तेल घोटभर पाजलं, तो चांगला तापला, आणि मग आमचं तेल फडक्यातून गाळून दिलं. तो खोकला, थांबला, पुन्हा खोकला. आणि चालू लागला. वहिनी काचघरात धावल्या, नळांवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि तिथेच खाली बसल्या.

त्या दिवशी माझं फार कौतुक झालं. आईंनी मला ओल्या फडक्याने पुसलं. "कशी लखलखतेय बघा," म्हणाल्या. माझ्या लखलखण्याचं कारण साधं होतं. टाकीच्या पाण्यात चुलीची राख उडून पडायची आणि आई त्याच राखेने मला रोज घासायच्या. बाहेरून.

आतून मात्र दिवसेंदिवस माझ्या घशाला डांबर धरत होतं. सगळा धूर काही पातळ तेल होत नाही. त्यातला जड भाग पहिल्याच दोन वेटोळ्यांत चिकटतो, त्यावर दुसरा थर बसतो, त्यावर तिसरा. गुलाबवाल्याची ती चिंधी एकदा, फक्त एकदा कोणी ओढली असती तर बरं झालं असतं. पण हे लोक वाईट नव्हते, मित्रांनो. ते दमलेले होते. पहाटेपासून ढलप्या पाडायच्या, चूल पेटती ठेवायची, पिंप रिकामं करायचं, कोळसा मागे ढिगावर नेऊन ओतायचा. तो कोळसा पुढे मातीत मिसळायचा, असं भाऊजींनी ठरवून ठेवलं होतं. या सगळ्यात जी वस्तू चकचकीत दिसते तिच्या तब्येतीची काळजी कोण करणार?

आता मला या घराच्या एका सवयीबद्दल सांगितलं पाहिजे. काचघरवाल्यांच्या घरात मूल चालायला लागायच्या आत फट बुजवायला शिकतं. तावदानाच्या कडेने सुईएवढी जरी भेग राहिली तरी गार वारा आत येतो आणि त्या रेषेतली रोपं सकाळी काळी पडलेली असतात. म्हणून आईंच्या कमरेला कायम लांबीचा गोळा, म्हणजे काचा बसवायचा तो मळलेला लगदा, आणि एक बोथट सुरी असायची. हवा कुठून येते ते त्या गालाने ओळखत. दादा हयात होते तेव्हा मायलेक दर शरद ऋतूत एकेक तावदान तपासत काचघराला फेरी मारायचे. हीच सवय माणसांनाही लागली होती. दादा गेले त्या दिवशी या घरातून रडण्याचा आवाज बाहेर आला नाही, असं पाणीवाला कुणाला तरी सांगताना मी ऐकलं. आईंनी दारं लावून घेतली होती. तेव्हापासून दादांचं नावही घरात कोणी काढलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळीच भाऊजी नदीकडे गेले. पलीकडून दोरावरून तेलाचे डबे ओढून घेता येतील का, ते बागाईतदारांबरोबर पाहायचं होतं. आकाश काचेसारखं स्वच्छ होतं. आई म्हणाल्या, आज रात्री दगड फुटतील. बॉयलरच्या टाकीत रात्र निघेल एवढं तेल नव्हतं. अंधार पडायच्या आत निदान दोन डबे निघायला हवे होते. वहिनींनी पिंप काठोकाठ भरलं आणि चुलीत जास्तीची लाकडं सारली.

दुपारपर्यंत माझा घसा एवढा बारीक झाला होता की त्यातून धूर जाण्याऐवजी शिट्टी वाजत होती. बाकीचा धूर मागे वळला आणि झाकणाखाली जमा झाला. झाकणाने आपलं काम केलं. वीट जराशी उचलली गेली, फुस्स करून पांढरा धूर बाहेर पडला, वीट पुन्हा बसली. पुन्हा उचलली, पुन्हा बसली. मला वाटलं, ठीक आहे. असंच चालू राहिलं तर संध्याकाळपर्यंत सगळे जिवंत राहतील.

तेवढ्यात आई शेडमध्ये आल्या.

त्यांनी झाकणाच्या कडेने निघणारा धूर पाहिला. धूर म्हणजे तेल, आणि तेल म्हणजे थोरलीची रात्र, एवढं भाऊजींनी त्यांना शिकवलंच होतं. ते हवेत चाललेलं बघून त्यांच्या जिवाची तगमग झाली. "थेंबाथेंबासाठी सून मरतेय, आणि हे बघा," असं पुटपुटत त्यांनी चिकणमातीत राख मिसळली, मळली, आणि चटके सोसत झाकणाची कड सबंध लिंपून काढली. जिथे फुसफुस होई तिथे दुसरा हात दिला. मग एक वीट कमी वाटली म्हणून आणखी दोन ठेवल्या. सगळ्या बाजूंनी गाल नेऊन पाहिला. कुठूनही वारा नव्हता. समाधानाने त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता सगळं तुझ्यातूनच जाईल हो."

मित्रांनो, ओरडता येत नाही ही गोष्ट किती भयंकर आहे, ते मी तुम्हाला कसं सांगू? पुढे माझा घसा बंद होत चाललेला, मागे पिंप लिंपलेलं आणि खाली चूल धडधडून पेटलेली. मी शिट्टी वाजवत होते, ती बारीक बारीक होत गेली. माझ्या तोंडातले थेंब लांब लांबून पडू लागले. शेवटचा थेंब बराच वेळ ओठावर लोंबकळला आणि पडला. मग काहीच नाही.

वहिनी ढलप्या टाकून आल्या. त्यांनी डब्यात पाहिलं, चुलीकडे पाहिलं. तेल येत नाही म्हणजे आच कमी पडतेय, असं त्यांना वाटलं. आपणा सर्वांना तसंच वाटलं असतं. त्यांनी आणखी लाकडं घातली. मग आणखी. पिंपाच्या पोटातून टक् टक् आवाज यायला लागला. उन्हं काचघराच्या छतावरून उतरत होती आणि वहिनी एकदा उन्हाकडे, एकदा डब्याकडे बघत होत्या. त्या कोणाशी तरी बोलत होत्या. आधी मला वाटलं, माझ्याशी. पण त्या दादांशी बोलत होत्या, अगदी हळू, आई ऐकतील म्हणून.

"तुम्ही असता तर काय केलं असतं, एवढंच सांगा. बाकी काही नको."

मग त्या गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी माझं खालचं तोंड पदराने पुसलं, त्याला ओठ लावले आणि जोरात फुंकर मारली.

त्यांचा श्वास माझ्या पाच वेटोळ्यांतून वर चढला आणि डांबराला येऊन थटला. डांबराच्या एका बाजूला एका बाईचा श्वास होता, दुसऱ्या बाजूला सबंध पिंपाचा. मध्ये बोटभर काळा बोळा. तो बोळा सुटला तर सगळा उकळता धूर त्यांच्या तोंडात जाणार होता. तो नाही सुटला तर पिंप फुटणार होतं, आणि त्या पिंपापासून हातभर अंतरावर होत्या. त्यांनी पुन्हा श्वास भरून घेतला. मला गुलाबवाला आठवला, त्याची दोरी आठवली. आणि मग तो तांबट आठवला, त्याचा चहा, आणि माझ्या कोपऱ्यावरचा तो घाईतला, पातळ डाख. इतकी वर्षं मी त्या डाखाची लाज बाळगली होती. आता मी जीव तोडून एवढंच मागत होते की, तूच जा. तूच आधी जा.

वहिनींनी तिसरी फुंकर मारायला ओठ टेकवले आणि डाख गेला.

मी कोपऱ्यातून तुटले. धुराचा लोट उभाच्या उभा वर गेला, छताच्या पत्र्यावर आदळला आणि पेटला. वहिनी मागे फेकल्या गेल्या. त्यांच्या भुवया जळल्या, एका हाताला भाजलं, पण त्या जिवंत होत्या. टाकी उलटली, मी गडगडत शेडच्या बाहेर गेले आणि काचघराच्या भिंतीला लागून पडले. सांडलेल्या पाण्याने चूल अर्धी विझली.

भाऊजी परतले ते याच वेळी. दोर पोचला नव्हता, डबे पलीकडेच राहिले होते. हे सांगायला ते तोंड उघडत आत आले आणि तसेच उभे राहिले. त्यांनी लिंपलेलं झाकण पाहिलं, तीन विटा पाहिल्या, आईंचे मातीने भरलेले हात पाहिले. आता व्याख्यान होईल असं मला वाटलं. पण झालं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कळलं असावं की आपण सांगितलं होतं आणि कोणापर्यंतही पोचलं नव्हतं.

आई म्हणाल्या, "मी लिंपलं. वाया चाललं होतं."

"माझंच चुकलं आई. मी फार बोललो त्या दिवशी."

बॉयलरच्या टाकीतलं तेल संपलं. बॉयलर खोकत खोकत थांबला, आणि काचघराच्या नळांमधून पाणी निवत गेल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. भाजलेला हात त्यांनी पाण्यातसुद्धा घातला नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, "गेली."

भाऊजींनी चूल पुरती विझवली. पिंप जरा निवू दिलं. मग दूर उभं राहून लांब काठीने लिंपण फोडलं आणि झाकण पाडलं. आत भाजलेल्या लेकींचा कोळसा होता. हवा लागताच तो मंद लाल झाला. त्याला ज्योत नव्हती आणि धूरही नव्हता. ते त्या लाल कोळशाकडे बघत राहिले. मग त्यांनी मागच्या ढिगाकडे पाहिलं, जिथे इतक्या दिवसांचा कोळसा मातीत मिसळण्यासाठी राखून ठेवला होता. धूर सगळा मी आधीच काढून घेतला होता. उरली होती ती निव्वळ ऊब.

"वहिनी, उठा," ते म्हणाले. "घमेली कुठे आहेत?"

सूर्य बुडायच्या आत तिघांनी कोळशाची घमेली थोरलीभोवती गोल मांडली. ती रात्रभर पेटती ठेवायची तर आत बसून वारा घालणं भाग होतं. भाऊजी दाराशी थांबले आणि फार थोडक्यात बोलले. या कोळशाच्या वायूला वास नसतो, पण बंद जागेत तो माणसाला झोपेतच नेतो. काचघराला कुठे तरी एक फट हवी.

तिघांनी सभोवार पाहिलं. त्या काचघराला एकही फट नव्हती. आईंनी ठेवलीच नव्हती.

आईंनी कमरेची सुरी काढली. आतून शिडी लावून त्या, मी बाहेर पडले होते त्याच्या अगदी वरच्या तावदानापाशी आल्या. ते तावदान त्यांनी आणि दादांनी मिळून शेवटचं बसवलं होतं, लांबीवर दादांच्या अंगठ्याचा ठसा अजून होता. त्या ठशावर त्यांनी सुरी टेकवली. मग त्यांनी लांबी खरवडायला सुरुवात केली. तावदान सुटलं आणि त्यांनी ते अलगद आत घेतलं.

मी खाली चिखलात पडले होते. त्या उघड्या चौकटीतून आधी गरम हवा आली. मग आतून आईंचा आवाज आला. त्या दादांना हाक मारून रडत होत्या, आणि ते रडणं रस्त्यापर्यंत जात होतं.

थोरलीचं पुढे काय झालं, ते तुम्ही आत जाऊन पाहालच. पण तेव्हा मात्र कोणालाही काही कळत नव्हतं. त्या आठवड्यात तिची सगळी पानं गळाली. बागाईतदार येत, टोपी काढून दाराशी उभे राहत आणि परत जात. वहिनी रोज एका फांदीची साल नखाने किंचित खरवडून बघायच्या. खाली तपकिरी दिसायचं. दुसऱ्या दिवशी दुसरी फांदी. तपकिरी. असं करत करत फांद्या संपत आल्या. पूल दुरुस्त झाला, टँकर आला, बॉयलर त्याच्या आवडीचं तेल पिऊन खुशीत घरघरू लागला, आणि वहिनी अजून नख घेऊन झाडाखालीच होत्या. शेवटी दक्षिणेकडची एक खालची फांदी राहिली. तिला हात लावायला त्या घाबरत होत्या. आईंनीच त्यांचा हात धरून फांदीपर्यंत नेला.

खाली हिरवं होतं.

मोजकेच डोळे निघाले. आता पुन्हा बागा व्हायला वेळ लागेल, आणि होतीलच असं मी छातीठोक सांगणार नाही, कारण मला छाती नाही. त्याच दिवसांत भाऊजींनी मला चिखलातून उचललं, करवतीने माझी वरची दोन वेटोळी चिरली आणि आतला काळा बोळा आईंना आणि वहिनींना दाखवला. दाखवताना ते एक शब्द बोलले नाहीत. नंतर, पुन्हा नुसत्या टँकरच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून, त्यांनी नवी नळी आणली. तिला आता दर पिंपानंतर दोरी आणि चिंधी मिळते. मला तिचा हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू?

आणि वरचं ते तावदान अजून मोकळंच आहे. हिवाळ्यात तिथून गार वारा येतो, आई खांद्यावर शाल ओढून घेतात, पण हात कमरेच्या लांबीकडे नेत नाहीत.

तर मित्रांनो, माझं मागणं फार मोठं नाही. तुमच्या घरीही कोणीतरी असेल, सदा कामात असलेलं, बाहेरून लखलखणारं, कधी तक्रार न करणारं. त्याला नुसतं पुसून कौतुक करू नका. अधूनमधून त्याच्या घशातून एक चिंधी ओढून पाहा. काळी निघाली तर रागावू नका. पुन्हा ओढा.